लेकरू भांडतंय तोवर

"भांडून राहिलं नव्हं? मंग भ्याचं काम न्हाई."

तान्हं लेकरू अंगावर घेतलं की पाठ ताणतंय, तोंड फिरवतंय, दोन घोट पितंय आणि लालबुंद होऊन ओरडतंय, अशा घरात ती आली की दारातूनच हे म्हणायची. मग काठी भिंतीला लावायची, चपला काढायची आणि दोन्ही तळहात एकमेकांवर घासत आत यायची. थंड हातानं ती कुठल्याच बाळाला शिवत नसे. वैशाखात बाहेर अंग भाजून निघत असलं तरी हात घासणं चुकायचं नाही. बायका हसायच्या. "मावशी, आता कशाची थंडी?" ती म्हणायची, "तुमाला न्हाई. त्याला इचारा."

सगळं गाव तिला मावशी म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. तुमच्या पाहण्यातही अशी एखादी बाई असेल. अडलं की तिला निरोप जातो आणि घरात कार्य निघालं की तिचं नाव नेमकं विसरलं जातं. ती मेंढरंवाल्यांच्या घरातली. गावाच्या कडेला, कालव्याच्या अलीकडे, पुतण्याच्या घराला लागून तिची एक पत्र्याची खोली होती आणि दावणीला तीन शेळ्या. नवरा केव्हाच गेलेला. मूलबाळ नाही, असं लोक सांगत. ते तितकंसं खरं नव्हतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

मी त्या गावच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले त्याला आता बारा-तेरा वर्षं होतील. वसमत तालुक्यातल्या हट्ट्याहून आत गेलं की ते गाव. मी लातूरकडची. नवी नोकरी, नवं घड्याळ आणि सरकारनं दिलेला चित्रांचा एक गुळगुळीत तक्ता. त्यात आईनं बाळाला कसं धरावं याची पाच चित्रं होती. चित्रातली आई खुर्चीत ताठ बसलेली, साडीला एक सुरकुती नाही, आणि बाळ असं गोरं, गुबगुबीत की त्याला भूक लागत असेल असं वाटतच नसे. गावातल्या बाळंतिणी बाजेवर बसत. बाज मध्येच खोल गेलेली असे, त्यामुळे आई आणि बाळ दोघंही त्या खळग्यात घरंगळत. माझ्या तक्त्यात बाज नव्हती.

पहिल्यांदा मी तिला पाहिलं ते अशाच एका घरात. मुलगी वीस-बावीस दिवसांची. तीन दिवस झाले, दूध प्यायला घेतलं की आकांत मांडत होती. खोलीत सहा बायका आणि सहा जणींची सहा मतं. एक म्हणे दूध पातळ आहे, दुसरी म्हणे दृष्ट लागली, तिसरीला आईनं खाल्लेल्या वांग्याचा संशय. बाळंतीण रडवेली होऊन सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. मी तक्ता उघडून तिसऱ्या चित्रावर बोट ठेवलं होतं, इतक्यात ही आत आली.

"बायांनो, उठा. एवढ्याशा जिवाला जेवताना एवढी मानसं लागत्यात व्हय?"

बायका उठल्या. मी बसूनच राहिले.

"तुमी बी."

"मी सिस्टर आहे," मी म्हणाले.

"व्हय, दिसून राहिलं. तक्ता बी न्या."

मी बाहेर आले खरी, पण दाराच्या फटीतून बघत राहिले. तिनं आधी बाळाला हात लावलाच नाही. बाळंतिणीला तांब्याभर पाणी प्यायला लावलं. तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून ते खाली दाबले. कानापर्यंत चढलेले खांदे खाली आले. मग तिला पाठीला वाकळ देऊन मागं रेलून बसवलं आणि दुधाची पहिली जोरदार धार एका फडक्यात जाऊ दिली. "ही पह्यली धार लेकराच्या नरड्यात बंदुकीवानी जाती. ते कसं पिईल? तुझ्या तोंडावर कुणी बादली वतली तर तू पिशील का?" बाळंतीण रडता रडता हसली. मग मावशीनं त्या मुलीला तिच्या पोटावर नुसतं ठेवून दिलं. ओढलं नाही, कोंबलं नाही. मुलगी दोनदा भांडली, तिसऱ्यांदा डोकं आपटत आपटत जागेवर आली आणि प्यायला लागली.

"करडू ढुशी मारतं म्हून शेळी त्याला टाकती का?" बाहेर येताना ती मला म्हणाली. "ते त्याचं मागनं ऱ्हातं."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. तीन वर्षं शिकून, परीक्षा देऊन मी आले होते. पण पुढच्या वेळी असं बाळ भेटलं तेव्हा मी तक्ता पिशवीतच ठेवला आणि उपकेंद्राच्या आशाताईंना म्हणाले, मावशीला निरोप द्या.

तसं मग चालूच राहिलं. एका घरात बाळ एकाएकी अंगावर घेईना. मावशीनं बाळंतिणीच्या गळ्याशी नाक नेलं आणि विचारलं, "हे काय लावलं?" सासूनं सर्दी झाली म्हणून सुनेच्या छातीला झणझणीत बाम चोळला होता. "त्याची माय कुठं गेली म्हून ते रडून राहिलंय. कोकरू वासावर माय वळखतं आन् तुमी तिला डब्यातला वास लावला." बाळंतिणीला कोमट पाण्यानं पुसून काढलं, तासाभरात बाळ पीत होतं. हळद काढणीच्या दिवसांत, ती उकडायच्या कढया गावभर पेटलेल्या असताना, एक बाई दिवसभर उकडलेली हळद पसरून घरी यायची आणि तशीच घामाघूम बाळ घ्यायची. मावशीनं तिलाही शिकवलं. आधी बस, पाणी पी, धाप कमी होऊ दे, मग त्याला घे. या सगळ्या घरांची नोंद मी रजिस्टरमध्ये 'मातेस समुपदेशन केले' अशी करायची आणि खाली सही माझी.

ती अधूनमधून उपकेंद्रात येऊन पायरीवर बसे. तक्त्याकडे बघून एकदा म्हणाली, "शिष्टर, तुमच्या कागदावरलं एक बी लेकरू काहून रडत न्हाई?" मी म्हटलं, चित्र आहे ते. "चित्र असलं तरी," ती म्हणाली. "मला बघवत न्हाई."

तिची एक खोड मात्र कुणालाच आवडत नसे. बाळ प्यायला लागलं, घर शांत झालं की दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा यायची, न बोलावता. बाळ झोपलेलं असलं तर झोळीशी जाऊन त्याच्या तळपायावर बोटानं टिचकी मारायची. बाळ दचकून रडलं की समाधानानं परत फिरायची. ज्या आईनं चार दिवसांनी डोळा लावलेला असे ती काय म्हणत असेल, तुम्हीच विचार करा. मीही एकदा विचारलं, "मावशी, झोपलेलं बाळ कशाला उठवता?"

"निजलंय का गप पडलंय, ते बगते."

"दोन्ही एकच."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वाटेला लागली.

बायका मागं कुजबुजत. हिची कूस रिकामी, म्हणून दुसऱ्याचं झोपलेलं हिला बघवत नाही. हिची नजर बरी नाही. बारशाला तिला बोलावत नसत. रडणाऱ्या बाळासाठी हिचे हात चालत आणि हसऱ्या बाळाला हिची सावली नको. मी हे ऐकायची आणि मनात म्हणायची, अडाणी आहेत. मी काही त्यातली नव्हे, असा माझा समज होता.

मग अनिताचं बाळंतपण आलं. अनिता त्याच गावची लेक, पहिल्या खेपेला माहेरी आलेली. मुलगा झाला. दीड महिन्याचा असताना त्यानं दुधाशी भांडण मांडलं. पाठ अशी ताणायचा की अनिताच्या हातून निसटायला बघायचा. तिची आई गावातली खमकी बाई, घरावर तिचाच शब्द. ती दर तासाला विचारायची, "पिला का? किती पिला?" आणि अनिता अर्धी व्हायची. मावशी सहा-सात दिवस रोज दुपारी गेली. पोरगा हळूहळू वळणावर आला. पूर्ण नाही, पण भांडून भांडून पोटभर पिऊ लागला.

आणि मग नेहमीप्रमाणे मावशीनं एका दुपारी झोपलेल्या त्या पोराच्या पायाला टिचकी मारली. अनिताची आई समोरच होती. ती तडक उपकेंद्रात आली. "शिष्टर, त्या बाईला सांगा, आमच्या उंबऱ्यावर यायचं न्हाई. कवा न्हाई ते निजलेलं लेकरू हिनं उठीवलं. तुमी सांगता का मी सांगू माझ्या भाषेत?"

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी पायरीवर तिला गाठून म्हटलं, "मावशी, तुमचं काम झालं आता. त्यांच्या घरी जाऊ नका. लोकांना आवडत नाही, उगाच बोलणी खाता."

"बराबर हाय," ती म्हणाली. काठी उचलली आणि गेली. ती गेली नाही त्या घरात. शेळ्या मात्र त्या बाजूनं नेऊ लागली, आणि त्या भिंतीशी आल्या की थांबू लागली.

चौथ्या दिवशी लसीकरण होतं. उपकेंद्रात चाळीसेक लेकरं, सगळी एका सुरात. सकाळचे दहा वाजले असतील. मी एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात कुणाचीतरी मांडी धरून उभी होते. मावशी गर्दीतून वाट काढत टेबलाशी आली.

"शिष्टर, त्या घरातून आवाज न्हाई."

"कुठल्या?"

"अनिताच्या. काल दुपारपासून न्हाई."

"झोपत असेल. बरंच झालं ना."

"येवढं न्हाई निजत. तुमी चला एकडाव."

माझ्यामागं रांग, पुढं रांग. चारच दिवसांपूर्वी मी त्या घराला शब्द दिला होता की ही बाई पुन्हा त्रास देणार नाही. मी चिडले. "मावशी, रडत होतं तेव्हा तकलीफ, आता गप आहे तर तुमची तकलीफ. तुम्हीच शांत केलंत ना त्याला?"

"म्या शांत न्हाई केलं," ती म्हणाली. "म्या प्यायला शिकीवलं."

"सत्र संपलं की जाते मी. दुपारी. आता सरका."

ती सरकली. दारात थोडा वेळ उभी राहिली, मी मान वर करून पाहीन म्हणून असेल. मी पाहिलं नाही. पुढचं बाळ घेतलं.

एकच्या सुमाराला शेवटची सुई टोचून मी हात धूत होते. बाहेर आरडाओरडा ऐकू आला. मावशी येत होती, पळत. त्या वयात, अनवाणी. छातीशी अनिताचा मुलगा, आणि ती पळता पळता त्याच्या पायांवर टिचक्या मारत होती, चापट्या मारत होती आणि ओरडत होती, "भांड की रे! भांड बाबा, भांड!" मागं अनिताची आई, शेजारणी, कढईवरची कामं टाकून आलेली माणसं. सगळ्या गावानं तिला तशी पाहिली.

तिनं बाळ माझ्या टेबलावर ठेवलं. बाळ गार नव्हतं, पण सैल होतं. हात उचलला की पडत होता. मी फोन करून गाडी बोलावली. त्या गाडीत मी, अनिता आणि तिची आई होतो. मावशीला कुणी चढू दिलं नाही. वसमत यायच्या आधीच, कारखान्याच्या फाट्याच्या जवळपास कुठंतरी, माझ्या हातातलं बाळ गेलं. नक्की केव्हा, ते मला सांगता येणार नाही. मी त्याच्याकडेच बघत होते तरी.

वसमतच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय पाजलं होतं? अनिताची आई पदर चावत होती. मग म्हणाली, घरात सर्दीच्या औषधाची शिशी होती. मोठ्या माणसाची. ते घेतलं की झोप येते म्हणून दोन दिवस थोडं थोडं चाटवलं. पोरगीला विसावा मिळावा म्हणून. लेकरू गुणी झालं, शांत निजायला लागलं, तर तिला बरं वाटलं होतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "थोडं आधी आणायचं होतं, सिस्टर."

डॉक्टरांनी कागदावर सगळं लिहिलं. कागद तालुक्याच्या फायलीत गेला. गावात तो आलाच नाही, गावात गोष्ट आली. मेंढरंवाली घरात घुसली, झोपलेलं लेकरू झोळीतून ओढलं, मारत मारत पळवलं आणि तिच्या हातात ते गेलं. सगळ्यांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी पारावर चार माणसं जमली आणि मला बोलावणं आलं. मला एवढंच विचारलं, "शिष्टर, ती बाई त्यांच्या घरात काहून घुसली? तुमाला काही ठाऊक हाय का?"

मला सगळं ठाऊक होतं. ती दहा वाजता माझ्याकडे आली होती आणि मी तिला सरका म्हणाले होते. एवढं बोललं की पुढचा प्रश्न येणार होता. मग तुम्ही का नाही गेलात? आणि त्यापुढं चौकशी, आणि त्यापुढं नोकरी.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

शिशीचं मी बोलले नाही, कारण त्या घरानं जे सोसलं होतं त्यावर आणखी कशाला, असं मी स्वतःला समजावलं. ते समजावणं सोपं होतं.

आठ-दहा दिवसांनी मी तिच्या खोलीवर गेले. कबूल करायलाच गेले होते. वाटेत वाक्यं जुळवली होती. ती शेळीपाशी बसून एका करडाला पाजत होती. मला बघून हात पुसले आणि पोतं पुढं सरकवलं.

मी बसले. वाक्य काही सुरू होईना. तीच बोलली.

"माझी पोरगी अशीच भांडायची, शिष्टर."

तिनं करडाचं तोंड पुन्हा सडाशी नेलं.

"एका शेतात मेंढरं बसवली व्हती. खतासाठी बसवत्यात ना, तशी. दोन महिन्याची व्हती माझी. अंगावर घेतली की अशी वरडायची, अशी वरडायची. सगळे वैतागले. त्या वक्ताला अफू मिळायची. एक म्हातारी म्हणली, राईयेवढी दे, निजंल. म्या दिली. सासूनं न्हाई, कुणी न्हाई. म्या दिली, ह्या बोटानं. निजली. मला लई बरं वाटलं. दुसऱ्या दिशी आनखी दिली. दोन दिस मी बी निजले, मायबाई. तिसऱ्या दिशी ती उठलीच न्हाई. मला तशी झोप मंग कवाच लागली न्हाई."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. तळहात मात्र ती घासत होती, सारखी. बोलता बोलता ती जमिनीकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नव्हती. त्या करडाकडे बघत होती, ते ढुश्या मारत पीत होतं.

"मावशी," मी म्हणाले, "मला तुम्हाला काहीतरी..."

"ठाऊक हाय मला तुमाला काय सांगायचं हाय ते." तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. गरम हात. "नका सांगू. माझं काय, मी आज हाय उद्या न्हाई. तुमची नोकरी हाय. तुमी गेल्या तर ह्या बायांना सुया कोन देईल?"

आणि मी ते ऐकलं. तिनं मला सोडलं आणि मी सुटले. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी केलेली सगळ्यात हलकी गोष्ट तीच. ती मोठेपणानं बोलली हे मला कळत होतं, आणि त्याच वेळी मला हायसं वाटत होतं, हेही कळत होतं.

त्यानंतर तिला कुठल्याही घरातून निरोप गेला नाही. मीही पाठवला नाही. गावात बाळं रडत राहिली, मी तक्ता उघडत राहिले. तिचं सगळं मला येत होतं, पाणी, खांदे, पहिली धार. मी ते करायची आणि बायका म्हणायच्या, शिष्टर हुशार आहे. त्या दिवसापासून मला एक सवय लागली. खोलीत एकदम शांत झालं की हातातलं टाकून मी आधी बाळाकडे बघते. माझा स्वतःचा मुलगा झाला तेव्हा तो झोपला की मी नाकाशी बोट धरून बसायची. नवरा म्हणायचा, तू नर्स आहेस ना? त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.

माझी बदली झाली. वर्षभरानं आशाताईंच्या फोनवर कळलं की मावशी गेली. पुतण्याच्या कळपाबरोबर सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला गेली होती, तिकडून आली ती अंथरुणालाच लागली. महिनाभर होती. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि का कळवावं?

गेल्या वर्षी वसमतच्या एका शिबिरात माझ्यासमोर अनिता येऊन बसली. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं. मांडीवर तीन महिन्यांची मुलगी, आणि मुलगी पिताना पाठ ताणून भांडत होती. मी पुढं झाले तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या शिष्टर. भांडू द्या. मला त्याची तकलीफ न्हाई."

मुलगी पिऊन झाली, झोपली. अनिता उठेना. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"त्या दिशी मावशीला तुमच्याकडं म्या धाडलं व्हतं," ती म्हणाली. "आई पाण्याला गेली व्हती. मावशी शेळ्या घेऊन भिताडाशी उभी. म्या खिडकीतून म्हणलं, मावशी, ह्यो उठतच न्हाई, शिष्टरला आना. आन् तुमी आल्या न्हाई तवा आत या, म्हून बी म्याच म्हणलं. दार म्या उघडलं. आईला भेले. मंग सासरी कळंल म्हून भेले. तिला सगळे बोलून ऱ्हायले आन् म्या गप."

मला काय वाटलं ते सांगते. इतकी वर्षं मी समजत होते की मावशीनं झाकलं ते मला. त्या अपराधात मला एक प्रकारचं मानाचं स्थान होतं. आणि आता कळलं की पारावर तिला हवं असतं तर ती एका वाक्यात सुटली असती. लेकराच्या मायनंच दार उघडलं, एवढं म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही. अनिताचं म्हणाली नाही, माझं म्हणाली नाही.

"ती माझ्याकडे आली होती," मी अनिताला म्हटलं. "दहा वाजता. मी तिला हाकललं."

अनितानं मान हलवली. तिला ते माहीत होतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी गावात गेलो. पारावर कुणाला गोळा करून सांगण्यात आता अर्थ नव्हता, तरी अनिता आधी आपल्या आईला सांगून आली. आत काय झालं ते मी विचारलं नाही. मग आम्ही मावशीच्या पुतण्याच्या घरी गेलो. मेंढरं त्यांनी आता काढून टाकलीत. पुतण्या शेतात होता. त्याची बायको तूर पाखडत होती. आम्ही दोघींनी, एकीनं अर्धं आणि एकीनं अर्धं, तिला सगळं सांगितलं. शिशीचं, खिडकीचं, माझ्या रांगेचं. तिनं सूप खाली ठेवलं.

"आमाला तर ती म्हणायची, लेकरू माझ्या हातानं गेलं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी रोज म्हणायची."

मी तिला सांगितलं की ते अनिताचं नव्हे, ते मावशीचं स्वतःचं लेकरू. फार जुनं. घरात कुणालाच ते माहीत नव्हतं.

तिनं सुपाबाहेर सांडलेले तुरीचे दाणे गोळा केले. मग तिनं सांगितलं की अनिताचा मुलगा गेला त्याच साली तिला पोरगी झाली होती. ती पोरगीही अंगावर घेतली की ओरडायची, दोन-दोन तास. मावशी शेजारच्या खोलीतच असायची, पण हिनं एकदाही पोरगी तिच्या हातात दिली नाही. नवऱ्यानंच बजावलं होतं.

"मंग ती काय करायची?" अनितानं विचारलं.

"यायची. उंबऱ्याच्या भायर बसायची. तिथून सांगायची, आधी पानी पी, खांदे ढिले सोड, आता घे, ओढू नको, येऊ दे तिला तिची ती. पोरगी प्यायला लागली का उठून जायची. आत काई आली न्हाई कवा. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची."